दूरच्या खुर्चीत बसलेले तुम्ही

अहो, तुमचा फोटो काही मिळाला नाही.

हसू नका. पेडण्याच्या बाजारात जन्मभर स्टुडिओ चालवलात, अर्ध्या तालुक्याची लग्नं, मुंजी आणि बारशी कॅमेऱ्यात भरलीत, आणि तुमच्या बाराव्याला भिंतीवर लावायला तुमचा एक धड फोटो घरात निघाला नाही. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून शोधाशोध चालली होती. कपाटं उपसली, ट्रंका ओढल्या. कोणाकोणाच्या वराती सापडल्या, नाकात बोट घातलेली बाळं सापडली, नावंसुद्धा आठवत नाहीत अशा नवऱ्या मुली सापडल्या. तुम्ही कुठेच नाही. आपल्या लग्नात तुम्ही मांडवातल्या फोटोग्राफरला 'उजेड खंयच्यान येता ता तरी बघ रे' म्हणून बाजूला केलंत आणि कॅमेरा स्वतःच्या हातात घेतलात. त्यामुळे त्या आल्बममध्ये मी एकटीनेच लग्न केल्यासारखी दिसते.

रमाकांत भाऊजींनी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणायचं ठरवलं. तुमचा धाकटा भाऊ तुयेच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून घरातलं सगळं कामही शिफ्टमध्ये उरकतो, हे तुम्हीच म्हणायचात. मी म्हटलं, भाऊजी, त्या फोटोत हे कोंबडी चोरताना सापडल्यासारखे दिसतात. तो भिंतीवर लावलात तर मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही.

"मगे खंयचो लावया, वयनी?"

मी आपला तो फोटो दाखवला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या बेसबॉल मैदानातला. मी काढलेला.

भाऊजींनी चष्मा वर केला, खाली केला. "हातूंत दादा खंय आसा?"

मी बोट ठेवून दाखवलं. हजारो रिकाम्या खुर्च्या, त्यांच्या वरच्या रांगांत एक पांढरा ठिपका. तो तुमचा शर्ट.

"वयनी," भाऊजी अगदी हळू बोलले, माझं डोकं फिरलं असेल अशा काळजीने, "कपाळच दिसना. गंध खंय लावतले? लोक हार घालतले तो काय स्टेडियमाक?"

आपली प्रज्ञा अमेरिकेहून आली होती, ती मधे पडली. तिने तुमचा तो ठिपका संगणकावर मोठा करून बघितला. जरा मोठा केला की तुम्ही धूसर व्हायचात, आणखी मोठा केला की नुसते चौकोन उरायचे. जितकं जवळ जावं तितके तुम्ही नाहीसे होत होता. शेवटी तीही म्हणाली, "आई, चेहरा हवा गं. पप्पांचा चेहरा हवा मला." पोर रडायला लागली. तिचं चुकत नव्हतं. पण मला तो आधार कार्डावरचा माणूस नको होता. त्याच्याशी मी एक दिवससुद्धा संसार केला नाही.

हे बेसबॉलचं खूळ आपल्या घरात आलं हरमलहून. तुमच्या मावशीकडे दर थंडीत खोली भाड्याने घेणारा तो म्हातारा अमेरिकन आठवतो? वॉल्टरबाब. लोक समुद्रावर झोपायला येतात, हा चामड्याचा भला मोठा हातमोजा घालून यायचा आणि चेंडू कोणाकडे टाकावा म्हणून माणूस शोधायचा. तुम्ही कुठल्याशा परदेशी जोडप्याचे फोटो काढायला गेला होता, आणि त्याचे गिऱ्हाईक होऊन परत आलात. ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट वाळूवर त्याने काठीने चार कोपरे आखले. म्हणाला, हा शेवटचा कोपरा म्हणजे घर. खेळणारा घरातून सुटतो, तिन्ही कोपरे धावतो आणि परत घरी पोचला तरच त्याचा गुण धरतात.

तुम्ही घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता मला सांगत होता. "आयकलें गो? घरा पावलो जाल्यारच! हो आमच्या लोकांचोच खेळ. मुंबय, कुवेत, आगबोट, खंय खंय धांवतात आनी गणपतीच्या चवथीक घरा पावतात."

मी माशांना मीठ लावत होते. म्हटलं, क्रिकेट काय वाईट आहे?

"क्रिकेटात दोगां फकत थंयच्या थंय धांवतात," तुम्ही म्हणालात. तो विषय तिथेच संपला.

वॉल्टरबाब त्या मैदानांच्या गोष्टी सांगायचा. प्रत्येक शहराचं मैदान निराळं, कुठे भिंत उंच, कुठे बुटकी, कुठे पाठीमागे खाडी, खेळाचे नियम मात्र तेच. मग एका थंडीत तो आला नाही, आणि नंतरही आला नाही. तुम्ही मावशीकडे जाऊन त्याच्या खोलीच्या बंद दाराचा फोटो काढून आणलात. आणि प्रज्ञाला शिकागोत नोकरी लागली त्या दिवशी तिला शाबासकी द्यायच्या आधी तुम्ही विचारलंत, थंय मैदान आसा मगे?

मला ते पहिलं मैदान अजून जसंच्या तसं दिसतं. सामन्याचा दिवस नव्हता, लोकांना आतून फिरवून दाखवतात त्या वेळेला आपण गेलो होतो. मी छान साडी नेसले होते, प्रज्ञा तिकिटं दाखवत होती, आणि तुम्ही फाटकासमोर चपला काढून हात जोडून उभे. मला वाटलं, नमस्कार करतील नि येतील. तुम्ही तर खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलंत! आपल्याकडे कुठल्याही कामाच्या आधी देवाला घालतात तसं, अख्खं.

"बा म्हाराजा! ह्या जाग्याच्या राखणदारा! पेडण्याचो लेक तुज्या दारात आयलो आसा म्हाराजा! वांगडा बायल आसा, चली आसा! तुजो फोटो काडपाची परवानगी दी म्हाराजा! काय चुकलां-माकलां तर पोटात घाल, आनी सगळ्यांक सुखरूप घरा पावय म्हाराजा!"

आणि माझ्याकडे बघितलंत. गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं, त्याशिवाय ते पुरं होत नाही. मी म्हटलं नाही. आजूबाजूला माणसं उभी होती, मुलं आपल्याकडे बघून खिदळत होती. मी शाळेत पोरांना शिस्त लावणारी बाई, मी भर रस्त्यात ओरडू? मी डोळे वटारले. तेव्हा तुम्ही आवाज थोडा बारीक करून माझ्या वाटणीचं 'व्हय म्हाराजा' स्वतःच म्हटलंत.

फाटकावरचा माणूस पुढे आला. नारळाच्या झाडाएवढा उंच. त्याने मला इंग्रजीत विचारलं, ह्यांना बरं नाही का? माझं इंग्रजी मराठी शाळेतल्या बाईचं. राखणदार म्हणजे काय हे त्याला कसं सांगू? प्रत्येक जागेची राखण करणारा एक असतो, तो दिसत नाही, पण त्याला विचारल्याशिवाय काही करायचं नसतं, हे मला इंग्रजीत येतं होय! मी म्हटलं, हे इथल्या वॉचमनची परवानगी मागतायत.

त्याने छाती पुढे काढली. "वॉचमन मीच आहे की. दिली परवानगी."

मी तुम्हाला अर्थ सांगितला मात्र, तुमचा चेहरा! तुम्ही वाकलात आणि त्याचे दोन्ही हात कपाळाला लावलेत. माझ्या कानात म्हणालात, "आमच्याकडे राखणदार जल्मात एकदा दिसलो तर दिसता. हंय फाटकारच उभो!" मी म्हटलं, अहो, नोकर माणूस तो, पगारी. तुम्ही म्हणालात, "मगे? आमचो काय फुकट राखता?" आणि प्रज्ञाने माझ्यासाठी वाटेत खायला आणलेली भाजलेल्या काजूंची पुडी तुम्ही त्याला राखणदाराचा मान म्हणून देऊन टाकलीत. त्याने ती खिशात घातली. पुढे प्रत्येक सफरीला आपल्या बॅगेत काजूच्या पुड्या कॅमेऱ्यापेक्षा जड झाल्या. कोणी घेतल्या, कोणी नियम दाखवून परत केल्या. परत केल्या की तुम्हाला वाटायचं, आज राखणदार रागात आहे, आणि खरंच त्या दिवशीचे फोटो तुम्हाला पसंत पडायचे नाहीत.

आत गेलो. एवढी मोठी जागा आणि एकही माणूस नाही. हिरवळीवर पाण्याची कारंजी फिरत होती. लांब कुठेतरी कोणी खुर्च्या पुसत होतं, त्याचा आवाज उशिराने येत होता. मैदानाच्या कडेच्या भिंतीवर गच्च हिरवी वेल चढलेली, चवथीच्या दिवसांत आपली कुंपणं असतात तशी. आणि मधे, खेळाडू धावतात तिथे, तांबडी माती. माझं माहेर साखळी गावातलं. खाणींचे ट्रक जायचे त्या रस्त्यावर आमचं घर, दोरीवरचे पांढरे कपडे संध्याकाळी गुलाबी झालेले असायचे. आई त्या मातीला जन्मभर शिव्या देत गेली. आणि त्या परक्या मुलखात ती तांबडी माती समोर दिसली, तर मला आई आठवून रडू फुटलं. तुम्ही खिशातला रुमाल पुढे केलात, त्याला लेन्स पुसायच्या औषधाचा वास होता.

मग तुमचा तो हुकूम सुरू झाला.

"थंय वच आनी बस. सामकी वयर. हालू नको."

"मी कशाला? माझे गुडघे?"

"मनीस नासलो तर जाग्याचें मोठेपण कळना गो."

म्हणजे मी माप. कापडवाल्याच्या गजासारखी. दर मैदानात मी शेवटच्या रांगेपर्यंत पायऱ्या चढायच्या, एका कदेलावर, म्हणजे खुर्चीवर बसायचं, आणि तुम्ही खाली तिकाटण्यावर कॅमेरा लावून उजेडाची वाट बघायची. मदतीला आलेले गाइड घड्याळ बघायचे, त्यांना काजू. बॉस्टनच्या त्या उंच हिरव्या भिंतीवरून मी खाली बघितलं तेव्हा मला घेरी आली. सॅन फ्रान्सिस्कोत मैदानाबाहेर खाडी होती, चेंडू पाण्यात पडला तर उचलायला लोक होड्या घेऊन थांबतात म्हणे. तुम्ही म्हणालात, हरमलच्या जाळं ओढणाऱ्या रापणकारांना इथे आणलं तर चेंडू काय, मासेसुद्धा सोडायचे नाहीत. डेनव्हरला तर सगळ्या हिरव्या खुर्च्यांत एकच रांग जांभळी. ती रांग समुद्राच्या बरोबर एक मैल वर आहे असं गाइड म्हणाला. तुम्ही मला नेमकं त्या जांभळ्या खुर्चीवर बसवलंत आणि खालून ओरडलात, "हरमलचो दर्यो आता तुज्या पांयांखाला एक मैल!" मी पाय वर घेतले. खोटं कशाला बोलू, भीती वाटली.

भांडण आपलं एकच होतं, ते मिटलंच नाही. मी म्हणायची, एवढी अमेरिका फिरले, एका तरी फोटोत माझं तोंड दिसू दे. शेजारणींना दाखवायला गेले तर त्या विचारतात, तू खंय गो हातूंत? तुम्ही म्हणायचात, "लागींचो फोटो कोण पण काडता. जल्मभर तोंडांच काडलीं म्यां. नवऱ्याचें तोंड, व्हंकलेचें तोंड, व्हंकलेच्या मामाचें तोंड. आता पुरो." मी म्हणायची, मग मला घरीच ठेवा आणि एखादी बादली ठेवा त्या खुर्चीवर, माप मिळाल्याशी कारण. तुम्ही म्हणायचात, "बादलेची वाट कोण पळयतलो?"

आता कळतंय, बादलीची वाट कोणी बघत नाही म्हणताना तुम्ही काय बोलून गेलात. तेव्हा मी रागाने पाण्याची बाटली उघडत होते.

सामना असा आपण एकच बघितला, प्रज्ञाच्या आग्रहाने. तुम्हाला गर्दी सोसेना, 'परत लग्नाक आयल्यासारकें जाता' म्हणून कॅमेरा बाहेरच काढला नाहीत. सामन्याच्या उत्तरार्धात एकदम सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं आणि एका सुरात गायला लागलं. तुम्ही झटकन टोपी काढलीत, हात जोडलेत आणि मला कोपर मारून म्हणालात, "ऊठ गो, आरती सुरू जाली!" शेजारचा जाडगेला माणूस तुमच्याकडे बघून हसला, आणि त्यानेही हात जोडले. ते नुसतं पाय मोकळे करायचं गाणं होतं, हे प्रज्ञाने गाडीत सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, असूं दी, भाव आसलो.

मग पिट्सबर्ग.

तेव्हा तुम्हाला धाप लागायला सुरुवात झाली होती. मला सांगत नव्हता, पण काजूंची बॅग माझ्या खांद्यावर आली तेव्हाच मी समजले. ते मैदान नदीला लागून. खुर्च्यांत बसलं की समोर हिरवळ, तिच्यापलीकडे नदी आणि नदीवर पिवळे पूल.  "कोलवाळचो पूल," म्हणालात. कोलवाळचा पूल कुठे, हा कुठे! पण माहेराहून परतताना एसटी कोलवाळच्या पुलावर आली की मीही नेहमी मनात म्हणायची, आलं घर. त्यामुळे मी वाद घातला नाही.

मी माझ्या सवयीने पायऱ्यांकडे निघाले, तर तुम्ही हात धरलात.

"आज तू काड. हांव बसतां थंय."

"तुम्हाला चढवणार नाही."

"सवकास चडतां."

आणि चढलात. पाच-सहा पायऱ्या, मग कठड्याला धरून उभे, मग परत. मी कॅमेऱ्याच्या मागे उभी होते आणि मला तो कॅमेरा धरावासाच वाटत नव्हता, धावत जाऊन तुमचं बखोट धरावंसं वाटत होतं. तुम्ही वर पोचलात. बसलात. एवढ्या सगळ्या खुर्च्यांत तुमचा पांढरा शर्ट तांदळाच्या दाण्याएवढा. आणि तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की इतकी वर्षं मी वरून तुम्हाला असंच बघत आले होते. तुम्हाला मी जेवढी दिसायची, तेवढेच तुम्ही मला दिसायचात. रिकाम्या जागेच्या एका टोकाला तुम्ही, एका टोकाला मी, मधे ते पाणी घातलेलं गवत, आणि दोघंही हलायचं नाही. आपल्या घरात इतकं शांत कधी बसलो आपण? घरात तर मीठ कमी, गॅस संपला, जनेल लाव, पाऊस येतोय, ह्यातच दिवस जायचा.

मी बटण दाबलं. मैदान थोडं तिरकं आलं, तुम्ही असता तर दहा वेळा काढायला लावलं असतं. तेवढ्यात तुम्ही हात वर केलात आणि तिथून काहीतरी ओरडलात. लांबलचक. नदीवरून वारा येत होता, एक शब्द ऐकू आला नाही. मी ओरडले, काय? तुम्ही परत ओरडलात. परत नाही.

खाली आल्यावर मी विचारलं, काय म्हणालात?

तुम्हाला बोलायला दम नव्हता. "घरा गेल्यार सांगतां."

घरी आलो. मी विचारलं. म्हणालात, चवथीला सांगतो. चवथ झाली. मी मधेच आठवण झाली की विचारायची, आणि तुमचं ते मिश्कील हसू, "खंय पळून जाता आसां मी?" त्या सकाळी पोदेर पावाचे उंडे देऊन गेला, तुम्ही चहात उंडो बुडवून खात जनेलापाशी बसला होता. मी म्हटलं, आज तरी सांगा. तुम्ही म्हणालात, "च्या थंड जाता, पी आदीं." मी चहा आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

असं करतात होय? माणसाने निदान वाक्य तरी पुरं करावं.

गेले काही दिवस दुपारी जरा डोळा लागला की मी कुठल्या तरी मैदानात असते. कुठलं ते नीट समजत नाही. बॉस्टनची हिरवी भिंत हरमलच्या वाळूवर उभी असते आणि तिच्यामागे भरतीचं पाणी वाजत असतं. जांभळी खुर्ची कोलवाळच्या नदीकाठाला असते. कारंजी फिरतात, माझ्या पदरावर थेंब येतात. साखळीची तांबडी धूळ हळूहळू खाली बसते आणि मग खाली, अगदी मधोमध, तुम्ही दिसता, तिकाटण्यावर वाकलेले. ऊन सरकायची वाट बघत असता. मला गुडघे दुखत नाहीत, तहान लागत नाही. मला माहीत असतं की एवढ्यात तुम्ही हात वर करून मला खाली बोलवायला 'जालें, ये सकयल' म्हणाल. तुम्ही म्हणत नाही, आणि मला त्याची घाईही नसते. मग बाहेर कोणाची तरी स्कूटर वाजते आणि मी आपल्या खोलीत असते.

म्हणून मी हट्ट सोडला नाही. प्रज्ञाला जवळ घेऊन हे सगळं सांगितलं, स्वप्नासकट. म्हटलं, तुला चेहरा हवा, तुझ्या फोनमध्ये पप्पा केक खातानाचे अर्धे फोटो आहेत, नाकापासून खालचे, ते ठेव. भिंतीवर मला जो माणूस दिसतो तो लावू दे. मग ती म्हणाली, आई, मी म्हापशाला जाऊन छापून आणते, पण मोठा हवा. भिंतभर.

काल तुमचा बारावा झाला. फोटो एवढा मोठा की वरचा हार दोन हार जोडून करावा लागला. लोक येत होते, नमस्कार करायला वाकत होते, आणि मग गोंधळून भाऊजींकडे बघत होते. भाऊजी दरवेळी माझ्याकडे हात दाखवत होते, म्हणजे ह्यांना विचारा, माझा काही संबंध नाही. पलीकडच्या शेवंताबाय हळूच म्हणाल्या, "जागो बरो आसा गो. पूण तुजो घोव खंय?" मी बोट ठेवलं. त्या चष्मा लावून इतक्या जवळ गेल्या की त्यांचं नाक काचेला टेकलं. "आसा, आसा," म्हणाल्या, जणू तुम्ही गर्दीत हरवला होता आणि त्यांनीच शोधून काढलं.

मग गंध लावायची वेळ आली. ते भाऊजींनी लावायचं. ते वाटी घेऊन फोटोसमोर आले आणि उभेच राहिले. करंगळीजवळच्या बोटावर चंदन घेतलेलं, आणि बोट खुर्च्यांच्या रांगांवरून फिरतंय, एक रांग, दुसरी रांग. इतके दिवस हुकूम सोडणारा माणूस, पण बोट टेकायला जागा सापडेना. "वयनी," म्हणाले, "खंय गो? माका दादा दिसना." आणि ते रडायला लागले. बारा दिवसांत पहिल्यांदा. मी त्यांचं मनगट धरलं आणि बोट तुमच्यावर नेलं. टेकवलं.

तुम्ही दाण्याएवढे, गंध वाटाण्याएवढं. तुम्ही सगळे झाकून गेलात. शर्ट नाही, हात नाही, खुर्चीसुद्धा नाही. भाऊजी घाबरले, पुसू काय म्हणाले. मी म्हटलं, राहू दे. मी मागे सरले, पार दारापर्यंत. तिथून बघितलं. एवढ्या मोठ्या निळ्या रांगांत चंदनाचा एकच ठिपका, पहिल्यांदाच लांबून स्वच्छ दिसत होता. शेवंताबायनाही दिसला, चष्म्याशिवाय.

भाऊजींनी डोळे पुसले, हात जोडले आणि तुमच्यासाठी गाऱ्हाणं घातलं. तुमच्याइतका खणखणीत आवाज नाही त्यांचा. वाट चुकू देऊ नकोस म्हाराजा, सुखरूप घरा पावय म्हाराजा. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. प्रज्ञानेही म्हटलं. मी थांबले होते. माझं उत्तर त्या गाऱ्हाण्याला नव्हतं.

लोक पानावर बसायला आत गेले. खोलीत तुम्ही आणि मी. मी दारातून हललेच नाही, तुम्हाला हललेलं चालत नाही. तुम्ही तिथून हात वर करून काय ओरडलात ते मला आता कधीच कळणार नाही. पाया पडलात, शिवी दिलीत, कॅमेरा सरळ धर म्हणालात, की पुढच्या मैदानाचं नाव सांगितलंत, देव जाणे. पण आपल्याकडे गाऱ्हाण्यात काय मागितलं हे ऐकू आलंच पाहिजे असं कुठे असतं? मागच्या रांगेतल्या माणसाला कधीच ऐकू येत नाही. तरी तो म्हणतोच.

मी म्हटलं. मोठ्याने. इतक्या मोठ्याने की आत वाढप थांबलं आणि प्रज्ञा धावत बाहेर आली.

व्हय म्हाराजा!